मागे फिरवलेला एल्बो

मिस्त्रीच्या उजव्या अंगठ्यात जीव नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी कधी बोलून दाखवत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी इंजिनाच्या पट्ट्यात हात गेला होता. अंगठा जागेवर राहिला, पण नुसता राहिला. गरम कप धरला तरी त्याला कळत नसे, आणि बारीक आट्यांचा नट पहिल्या फेऱ्याला सरळ बसतोय की तिरपा चढतोय हे तर मुळीच कळत नसे. डिझेलच्या नळ्यांचं सगळं काम त्या पहिल्या फेऱ्यावर असतं. तिथे चुकलं की पुढे कितीही जोर लावा, थेंब येतच राहतो.

म्हणून जोड त्याची बायको करी.

शिकवलं त्यानंच. हाताचं बँडेज सुटायच्या आधीच त्यानं तिला अंगणात बसवलं, पुढ्यात जुन्या नळ्यांचे तुकडे टाकले आणि डोळे मिटून नट लावायला लावले. गळती रोखायची पांढरी टेप आट्यांच्या दिशेनंच गुंडाळायची. तोंडाकडचे दोन आटे उघडे ठेवायचे, नाहीतर टेपचा तुकडा तुटून नळीत जातो आणि पुढे नोझल चोंदतं. हातानं जाईल तितका हातानं लावायचा, मग पाना. आणि एकदा आवळला की मागे फिरवायचा नाही.

"पाव फेरासुद्धा नाही," तो म्हणायचा. "जागेवर येत नसेल तर पूर्ण सोड, टेप खरवडून काढ, नवी गुंडाळ. टेप आट्यांत चेपून बसलेली असते. मागे घेतलास की तिथे वाट होते, आणि डिझेलला केसाएवढी वाट पुरते."

हे इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. वर्षभरात तिचा हात असा बसला की मिस्त्री स्वतःच चकित झाला. मग दोघांची एक रीत पडली. कुणाकडे इंजिन बिघडलं की तो पुढे, ती हत्यारांची पिशवी घेऊन मागे. तो इंजिनाला कान लावून ऐकणार, मालकाशी बोलणार, खोलायचं ते खोलणार. नळीपाशी वेळ आली की "जरा पाना धर गं" म्हणून बाजूला सरकणार. ती खाली बसून जोड करणार. उठताना शाबासकी त्याला. "मिस्त्रीचा जोड आहे, आता बघायला नको," लोक म्हणायचे, आणि ती चिंधीला हात पुसत असायची.

तिला कधी वाईट वाटलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. वाटायचं, पण थोडं. घरातलं घरात, असं ती मनाशी म्हणे आणि पुढच्या कामाला लागे. नवऱ्याचा हात गेला होता, मान तरी राहू दे. आणि खरं सांगायचं तर तो मान थोडा आपलाही आहे, असं तिला गुपचूप वाटायचं.

त्या वर्षी नदी लवकर खाली गेली. पाणी संस्थेचं इंजिन काठावरच्या शेडमधून काढून खाली वाळूत न्यावं लागलं. तिथे चार माणसांच्या उंचीएवढा खड्डा खणला, त्यात झिरपून साठेल ते पाणी उचलायचं आणि वर पाटात सोडायचं. चाळीस घरांच्या पाळ्या लागलेल्या. डिझेलचा ड्रम मात्र वरच राहिला, खड्ड्याच्या बरोबर माथ्यावर, लोखंडी घोड्यावर, म्हणजे चार पायांच्या उंच चौकटीवर. तिथून नवी नळी खाली इंजिनापर्यंत आणायची होती. म्हणजे ड्रमच्या बुडाला एल्बो, कोपरासारखा वाकलेला लोखंडी तुकडा, मग डिझेल बंद-चालू करायचा कॉक, मग नळी.

एल्बोचं काम अवघड होतं. ड्रमचे आटे जुने, खाल्लेले. तिनं तारेच्या ब्रशनं ते घासले, चिंधीनं कोरडे केले, टेपचे पाच वेढे दिले आणि ड्रमखाली उताणी पडून एल्बो लावला. वरून गंज डोळ्यांत पडत होता. हातानं तीन फेरे गेला. पुढे पान्यानं एक, मग अर्धा, आणि मग एल्बोनं तिच्या मनगटाला असा काही धक्का दिला की तिला कळलं, बसला. पण बसला तो थोडा तिरपा. तोंड सरळ खाली न राहता डावीकडे राहिलं. सरळ होईपर्यंत पुढे न्यावा तर जुने आटे चिरतील. मागे घ्यायचा प्रश्नच नव्हता. तिनं नळीलाच तितका बाक दिला आणि जुळवून घेतलं. मग ड्रमवर आणि एल्बोवर मिळून तांबड्या रंगाची एक रेघ ओढली. प्रत्येक पक्क्या जोडावर ती अशी रेघ ओढायची. जोड हलला तर रेघ तुटलेली दिसते.

ड्रम भरल्यावर, गळती असेल तर दिसावी म्हणून जोडावर खडूची पूड फुंकून ती तासभर बसून राहिली. पूड कोरडी ती कोरडी. मिस्त्री खाली इंजिनापाशी संस्थेच्या अध्यक्षांना यंदा नदी कशी दगा देणार ते समजावत होता.

"झालं," ती म्हणाली.

"झालं," मिस्त्रीनं अध्यक्षांना सांगितलं. ती घरी आली, कारण कपडे धुवायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नणंदेची हाक आली. नणंद म्हणजे मिस्त्रीची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर भावाच्या शेजारीच दोन खोल्यांत राहायची, आणि पहाटेची पहिली पाळी तिचीच होती. ती वाफ्यांच्या बांधावर गुडघे टेकून बसली होती. कांद्याचं रोप बोटभर उंच झालेलं. दोन दिवसांत उपटून लावायचं होतं. त्या वाफ्यांतल्या पाण्यावर निळी-जांभळी साय पसरली होती आणि कोवळ्या पाती तिला चिकटून आडव्या पडल्या होत्या. वास नाकात जात होता.

"वहिनी, हे डिझेल आहे," नणंद म्हणाली. तिनं एक रोप उपटून पुढे धरलं. पात बोटांत निसटली.

तोवर पाटाचं पाणी पुढच्या सहा घरांच्या वाफ्यांत पोचलं होतं. इंजिन बंद करायला मिस्त्री धावला, पण जे जायचं ते गेलं होतं. रात्रभर ड्रममधून धार लागली होती. एल्बो कॉकच्या आधीचा, त्यामुळे कॉक बंद असूनही काही उपयोग नव्हता. डिझेल घोड्यावरून उतारानं ओघळत थेट खड्ड्यात उतरलं आणि पहाटेच्या अंधारात मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं ते सात घरांच्या रोपांना पाजलं.

ती वर चढून ड्रमखाली शिरली. जोड आपला, गळला तर चूक आपलीच, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आधी तिनं एल्बोला हात लावला. ओला. मग तिनं रेघ शोधली. ड्रमवरची अर्धी रेघ होती तिथेच होती. एल्बोवरची अर्धी तिथून दोन बोटं मागे सरकली होती. एल्बोचं तोंड आता सरळ खाली होतं, अगदी ओळंब्यात.

ती किती वेळ तशीच उताणी पडून राहिली, तिला कळलं नाही. मानेवर डिझेलचे थेंब पडत होते. कुणीतरी जोड मागे फिरवला होता. पान्याशिवाय तो फिरणं शक्य नव्हतं, आणि त्या मापाचा पाना गावात एकाच पिशवीत होता.

बाहेर आली तेव्हा नणंद घोड्यापाशी उभी होती.

"काल मी गेल्यावर इथे कोण आलं होतं गं?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत?" नणंद म्हणाली आणि पदरानं नाक पुसायला वळली. "माझं रोप गेलं, मला कसले प्रश्न विचारतेस?"

दुपारी संस्थेच्या खोलीत सगळे जमले. खोली म्हणजे पत्र्याखाली एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीला टांगलेला पाळ्यांचा तक्ता. ज्यांची रोपं गेली ते सात जण पुढे बसले होते, बाकीचे दारात. ती भिंतीला टेकून उभी राहिली. अंगाला डिझेलचा वास येत होता. अंघोळ करायला सवड झाली नव्हती.

अध्यक्ष भला माणूस. आवाज कधी चढवायचा नाही, कुणाला तोडून बोलायचा नाही, आणि अडचणीचा विषय आला की चष्मा पुसायला घ्यायचा. आत्ताही त्यानं चष्मा काढलेला होता.

"मिस्त्री," तो म्हणाला, "नऊ वर्षांत तुमचा जोड कधी गळला नाही. हे काय झालं?"

मिस्त्री उठून उभा राहिला. उजवा हात खिशात. ती त्याच्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, आता सांगेल. हातून फिरला म्हणेल, चूक झाली म्हणेल. लोक बोलतील, दोन दिवस तोंड फुगवतील आणि विसरतील. दोघं मिळून काहीतरी भरपाई करू. तिनं मनात भरपाई सुद्धा ठरवून टाकली होती. आपल्या वाफ्यातलं अर्धं रोप देऊ.

"तो जोड मी केलेला नाही," मिस्त्री म्हणाला.

"मग कुणी केला?"

"हिनं केला."

दारातला एक जण खोकला.

नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यानं चारचौघांत सांगितलं होतं की काम तिचं आहे.

तिला वाटलं आपण भिंतीतून मागे पडतोय की काय. ती तोंड उघडणार तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "म्हणजे बाईमाणसाच्या हातात दिलं होतंत? चाळीस घरांचं पाणी?" आणि मग एकदम सगळेच बोलायला लागले. जणू काही त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या इंजिनापाशी ती खाली बसलेली त्यांनी पाहिली नव्हती. जणू काही तिला ड्रमखालून बाहेर येताना त्यांच्यातल्याच कुणी पाण्याचा तांब्या दिला नव्हता.

"जोड मागे फिरवलाय," ती म्हणाली. "रेघ बघा जाऊन. मी केला तेव्हा तो—"

"आता रेघा कुठे दाखवतेस?" नणंद म्हणाली. ती पुढच्या सात जणांत बसली होती. "माझ्या वाफ्यात ये, तिथे दाखव."

नवऱ्याकडे तिनं बघितलं नाही. तो टेबलाच्या पायाकडे बघत होता.

ठरलं ते असं. मिस्त्रीनं इंजिनाचं काम पुढे चालवावं, कारण दुसरा माणूस आणायचा तर दोन दिवसांच्या वाटेवरून आणावा लागेल. बाईनं इंजिनाला, ड्रमला, नळीला हात लावायचा नाही. आणि मिस्त्रीच्या घरच्या दोन पाळ्या मोसम संपेपर्यंत त्या सात घरांना वाटून द्यायच्या. अध्यक्षांनी विचारलं, "मिस्त्री, मान्य?" मिस्त्री म्हणाला, "मान्य." तिला कुणी विचारलं नाही.

घरी आल्यावर तिनं आधी अंघोळ केली. तीनदा साबण लावला तरी केसांतला वास गेला नाही. मग चूल पेटवली. मिस्त्री उंबऱ्यावर बसून पान्यांवरून चिंधी फिरवत होता. त्याला पुसायला काहीच नव्हतं. तिनं कालच ते पुसून ठेवले होते.

"एल्बो का फिरवलात?" तिनं विचारलं.

त्यानं चिंधीची घडी घातली. मग म्हणाला, "अध्यक्ष म्हणाले, वाकडा दिसतोय. एवढं नवं काम आणि तोंड तिरपं. बरं दिसत नाही."

"म्हणून मागे घेतलात?"

"थोडासा घेतला."

"पाव फेरा."

"हो, पाव फेरा. काय करायचं होतं मग? बायकोला विचारून येतो म्हणू?"

ती चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिली. हे त्याला कसं सांगावं, तिला कळेना. त्यानंच शिकवलं होतं. तिच्या हातावर चापट मारून शिकवलं होतं.

"खोलीत सांगायचं होतं," ती म्हणाली. "तिथे नाही जमलं तर उद्या जाऊन सांगा. मी बरोबर येते. मला बाकी काही नको. पाळ्या गेल्या तर जाऊ देत. माझ्या हातून गळला नाही, एवढं सांगा."

"सांगितलं असतं तर इंजिन गेलं असतं हातातून. मग खायचं काय?" त्यानं पाना खाली ठेवला. "तुझं काय जातंय त्यात? तुला कोण ओळखतं मिस्त्री म्हणून? नाव गेलं तर माझं जाणार. तुझं होतंच कुठे जायला?"

हे त्यानं रागानं म्हटलं नाही, हिशोब समजावून सांगावा तसं म्हटलं. म्हणूनच ते तिला फार लागलं.

"आणि काम काय, तूच करशील," तो पुढे म्हणाला. "जेवायच्या वेळेला तिथे कुणी नसतं. तेव्हा येऊन करून जायचं. थोडे दिवस गेले की सगळे विसरतील."

"मला बंदी आहे," ती म्हणाली आणि ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंसुद्धा बोलेनाशी झाली.

मग उन्हाचे दिवस एकामागून एक आले. घरच्या वाफ्यांना पाणी नव्हतं. ती सकाळी आणि संध्याकाळी नदीच्या पात्रात उतरायची, झऱ्यातून वाटीवाटीनं दोन बादल्या भरायची आणि चढ चढून रोपाच्या मुळाशी तांब्यातांब्यानं ओतायची. अठरा खेपा झाल्या की एक वाफा भिजे. खांद्यांना गाठी आल्या. खड्ड्यावरून जावं लागू नये म्हणून ती लांबची वाट घ्यायची. तरी इंजिनाचा आवाज ऐकू यायचाच, आणि आवाजावरून तिला सगळं समजायचं. मधेच अडखळतंय म्हणजे हवा घेतंय. मिस्त्रीनं एल्बो स्वतः नव्यानं लावला होता. त्यावर साबण थापला होता, वर ट्यूबची रबरी पट्टी आवळली होती, खाली डबा टांगला होता. संध्याकाळी डबा भरला की तो परत ड्रममध्ये ओतायचा. हे तिला बघायला जावं लागलं नाही. त्याच्या शर्टाच्या बाह्या धुताना ते कळत होतं.

बाया तिच्याशी बोलायच्या, पण अर्ध्या तोंडानं. एकीनं तर विचारलं, "हात लागू देतेस तरी का गं आता, घरातल्या नळाला?" सगळ्या हसल्या. तीही हसली. घरी येईपर्यंत ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं आणि गाल दुखत होते.

पाचव्या दिवशी नणंद स्वतःहून आली. तिच्या वाट्याला भावाच्या पाळीतलं पाणी आलं होतं, तिनं नव्यानं बी टाकलं होतं, आणि अबोला धरून दमली होती. पायरीवर बसून तिनं बरंच इकडचं तिकडचं काढलं. मग म्हणाली, "दादाचंही चुकलंच म्हणा. असेना का वाकडा. तेवढ्यानं काय बिघडत होतं?"

तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"वाकडा होता, हे तुला कुणी सांगितलं?"

नणंदेनं पदर सावरला.

"तू तिथे होतीस."

"चहा घेऊन गेले होते," नणंद म्हणाली. "दोघांना. दादा पाना लावत होता. मला काय कळतं त्यातलं?"

"सकाळी कळलं होतं. मी विचारलं तेव्हा."

"माझा भाऊ आहे वहिनी तो. चाळीस माणसांत मी त्याला खाली पाडू?" नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरंच होतं. "माझं पण रोप गेलं. मी सोसलं ना? तू पण सोस थोडं. आपण घरच्या आहोत."

भांडं घासून झालं, तरी ती घासत राहिली. म्हणजे नवऱ्याला ठाऊक, नणंदेला ठाऊक, आणि ज्यानं चष्मा पुसत विचारलं हे काय झालं, त्या अध्यक्षालाही ठाऊक. तिघं त्या खोलीत होते. तिघांनी तिला भिंतीला टेकलेलं पाहिलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी इंजिनाचा आवाज आलाच नाही. ती बादल्या घेऊन निघाली होती, ती थांबली. हँडल मारल्याचा आवाज, दोन ठोके, आणि बंद. पुन्हा हँडल, पुन्हा बंद. ऊन डोक्यावर आलं. पाळीवाले फावडी टेकून पाटाकाठी उभे होते ते खड्ड्यावर गेले. मग नणंद धापा टाकत आली.

"दादानं बोलावलंय. पिण्याचं पाणी घेऊन ये म्हणालाय."

"तिथे पाणीच आहे की."

"वहिनी, चल ना. इंजिनाकडचा नट तिरपा चढलाय. त्यानं आवळ आवळ आवळला. बारा घरांचं रोप आज उन्हात सुकेल."

ती गेली. आपण का जातोय, हे तिला नीट सांगता आलं नसतं. रोप कुणाचंही सुकलेलं तिला बघवत नसे, हे एक कारण. आणि कुठेतरी, अजूनही, तिला वाटत होतं की आता तरी.

खड्ड्यावर वीसेक माणसं होती. मिस्त्री इंजिनापाशी उकिडवा बसला होता. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि निर्जीव अंगठ्याची साल निघाली होती, तरी त्याला पत्ता नव्हता. ती आलेली पाहिल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढला.

"चला," ते सगळ्यांना म्हणाले, "जरा शेडमागे सावलीत बसू. मिस्त्रीला काम करू द्या. आपण उगाच गर्दी केलीय."

आणि सगळे गेले. कुणी काही विचारलं नाही, कुणाला आश्चर्य वाटलं नाही. वीस माणसं शेडमागे गेली आणि तिकडे तोंड करून बसली, पाठी इकडे. बंदी मोडू नये म्हणून त्यांनी ती न बघण्याची सोय केली होती. तिची कानशिलं तापली. आठ दिवसांपूर्वी भिंतीला टेकून उभी होती तेव्हाही इतकं लाजिरवाणं वाटलं नव्हतं.

"लवकर कर," मिस्त्री पुटपुटला. "तेवढ्यात होऊन जाईल."

तिनं पाना घेतला. नट सोडवताना दोनदा अडला. नळीच्या टोकाचे पहिले आटे चेपले होते. तिनं बारीक कानशीनं एकेक आटा मोकळा केला, नळीचं पसरट तोंड अंगठ्यानं चाचपून बघितलं. ते शाबूत होतं. तिथे मिस्त्रीनं टेप गुंडाळली होती. टेपची तिथे गरजच नसते, तोंडाला तोंड घट्ट बसलं की झालं. हेही त्यानंच शिकवलेलं. तिनं टेप नखानं खरवडून काढली, चिंधीनं पुसलं, नट दोन बोटांत धरला आणि आधी उलटा फिरवत राहिली. आटा आट्यावर टक् करून उतरल्याचं बोटांना कळलं तसा सुलटा घेतला. तो लोण्यात गेल्यासारखा गेला. पान्यानं थोडंच. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हवा काढली, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत. उन्हात तिचं सगळं अंग हलकं झालं होतं. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं.

मिस्त्रीनं हँडल मारलं. पहिल्या फटक्याला इंजिन लागलं.

शेडमागून माणसं बाहेर आली. वर पाइपातून पाणी पडायला लागलं, कुणीतरी शीळ घातली. अध्यक्षांनी येऊन मिस्त्रीच्या पाठीवर हात ठेवला.

"वा मिस्त्री," ते म्हणाले. "शेवटी तुमचा हात तो तुमचाच हात."

मिस्त्री हसला. बाजूची चिंधी उचलून हात पुसायला लागला. त्याच्या हातांना काही लागलेलं नव्हतं.

ती उठली आणि चढ चढून ड्रमपाशी गेली. तिनं कॉक बंद केला. कुणाचं लक्ष गेलं नाही. ती खाली आली, पाना पुन्हा उचलून इंजिनापाशी उभी राहिली. नळीतलं आणि फिल्टरमधलं डिझेल मिनिटभर पुरलं. अध्यक्ष पुढच्या पाळ्यांचं बोलत होते. मग इंजिन अडखळलं, दोन ठोके चुकलं आणि थांबलं. वरची धार बारीक होत गेली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं पाना नटाला लावला आणि सगळ्यांच्या देखत आपलाच जोड सोडला. नळीत उरलेलं डिझेल तिच्या मनगटावरून वाहत कोपरापर्यंत आलं.

"हे काय करतेस?" मिस्त्री म्हणाला.

"मला बंदी आहे," ती म्हणाली. "इथे मी नाहीच आहे. तुमचा हात, तुम्ही करा." तिनं पाना त्याच्यापुढे धरला. "सगळे बघतायत. कुणी शेडमागे जायचं नाही."

त्यानं पाना घेतला नाही.

"नाहीतर मग ड्रमखालचा एल्बो त्या दिवशी कुणी मागे फिरवला, ते सांगा. मी घरी विचारलं होतं. आज इथे विचारते. सांगितलं की लगेच करून देते."

पुढच्या पाळीवाला एकदा पाटाकडे आणि एकदा मिस्त्रीकडे बघत होता. नणंद गर्दीच्या मागे होती, तिनं मान खाली घातली. मिस्त्रीचे ओठ हलले. तिला वाटलं, आला शब्द. तो म्हणाला, "उन्हानं हिचं डोकं फिरलंय."

ती तिथेच डिझेलच्या पालथ्या डब्यावर बसली. पाना मांडीवर ठेवला. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. अंगात फक्त थकवा भरून राहिला, बादल्यांच्या अठरा खेपा एकदम केल्यासारखा. ऊन वाळूवरून पायांना चटके देत होतं.

"मी म्हणालो होतो," अध्यक्ष शेवटी म्हणाले. चष्मा त्यांच्या हातात होता, पण ते तो पुसत नव्हते. "वाकडा दिसतोय, सरळ करा, असं मी म्हणालो. मिस्त्रीनं मागे घेतला. बाईंनी केला तेव्हा कोरडा होता. मी स्वतः बघितला होता."

मिस्त्रीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तो खड्ड्यातल्या पाण्याकडे बघत राहिला, त्यात काही पडलं असावं तसा.

तिनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली. अध्यक्ष बोलले होते, पण तिला अध्यक्षांकडून ऐकायचं नव्हतं. मग ती उठली. नट दोन बोटांत धरला, उलटा फिरवला, सुलटा घेतला. वीस माणसं गप्प उभी राहून बघत होती. एकानं न सांगता वर जाऊन कॉक उघडला. एकानं चिंधी पुढे केली. इंजिन लागलं. पुढच्या रांगेत बसून बाईमाणसाच्या हातात दिलं होतंत म्हणणारा माणूस चाचरत म्हणाला, "मिस्त्रीणबाई, उद्या आमच्याकडचं पण जरा बघाल?"

"बघेन," ती म्हणाली. "मला बोलवायला या. घरी येऊन मलाच सांगा."

परतताना मिस्त्री चार पावलं पुढे होता. बांध संपून घर दिसायला लागलं तेव्हा तो थांबला. मागे वळला नाही.

"चारचौघांत असं करायला नको होतंस," तो म्हणाला. "घरी बोलायचं होतंस माझ्याशी."

"घरी बोलले होते," ती म्हणाली, आणि त्याच्या बाजूनं पुढे निघून गेली.